बाळाचा श्वास उतरतच नाही. बायोप्सीला ‘हो’ म्हणू का?

‘माझा मुलगा ९ महिन्यांचा आहे. पूर्ण दिवस भरून जन्मला, वजन चांगलं होतं, पहिले दोन-अडीच महिने कसलाच त्रास नव्हता. तिसऱ्या महिन्यात सर्दी झाली आणि तेव्हापासून जो भरभर श्वास सुरू झाला तो आजतागायत. झोपेतही पोट उडत असतं, फासळ्यांखाली खड्डा पडतो. तीनदा न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक झाली, दोनदा ॲडमिट केलं, बालदमा म्हणून नेब्युलायझर दिला, स्टेरॉइडचा कोर्सही झाला. कशानेच फरक नाही. ताप नाही, खोकला फारसा नाही, नवल म्हणजे तो हसतो, खेळतो. पण सहाव्या महिन्यापासून वजन अडलंय आणि झोपेत ऑक्सिजन ९०-९१ दाखवतो. आता मुलांच्या फुप्फुसांच्या तज्ज्ञांना दाखवलं. सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘दोन्ही फुप्फुसांत ग्राउंड ग्लास’ असं आलंय. ते म्हणाले, इंटरस्टिशियल लंग डिसीज असू शकतो, जनुकीय तपासणी करू आणि लागलीच तर फुप्फुसाची बायोप्सी. घरात सगळे हादरलेत. आमचे इतके महिने वाया गेले का? बायोप्सीला हो म्हणावं का? गरोदरपणात माझं काही चुकलं का? आणि पुढच्या मुलालाही हेच होईल का?’
– एक आई

ताई,

बायोप्सीचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, बायोप्सीला आजच हो म्हणायची वेळ आलेली नाही; कायमचं नाही म्हणायचंही काही कारण नाही. तिच्याआधीच्या दोन गोष्टी अजून व्हायच्या आहेत. सीटीची मूळ चित्रं या आजारांचा अनुभव असलेल्या बालरेडिओलॉजिस्टने पुन्हा पाहायला हवीत आणि जनुकीय तपासणीचा निकाल हाती यायला हवा. या दोहोंतून उत्तर मिळालं तर बाळाच्या छातीला सुरी लावायची गरजच उरणार नाही. मी बाळाला तपासलेलं नाही, म्हणून हे मत तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांना माझ्याशी असहमत व्हायची पूर्ण मोकळीक द्या. त्यांनी बाळाची छाती ऐकली आहे, मी नाही.

आता हा आजार काय आहे ते. आत घेतलेली हवा शेवटी फुप्फुसातल्या अतिशय बारीक वायुकोशांपर्यंत पोचते. त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन पलीकडच्या केशवाहिनीतल्या रक्तात उतरतो. ही भिंत, तिच्या आजूबाजूची जागा, वायुकोश उघडे ठेवणारं सर्फॅक्टंट नावाचं अस्तर किंवा शेवटच्या बारीक श्वासनलिका यांपैकी कशात तरी बिघाड झाला की ऑक्सिजन पलीकडे जायला त्रास होतो. शरीर तो तोटा श्वासाचा वेग वाढवून भरून काढतं. तुमचं बाळ दिवसरात्र तेच करतंय. इंटरस्टिशियल लंग डिसीज हे अशा दोनशेच्या आसपास वेगवेगळ्या आजारांचं सामायिक नाव आहे. त्यातले काही पहिल्या काही महिन्यांतच जिवावर बेततात, काही औषधाने आटोक्यात येतात आणि काही मूल वाढता वाढता हळूहळू निवळतात. इंटरनेटवर काही वाचून तुम्ही घाबरला असाल, तर ते बहुधा मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या काठिण्याबद्दल असावं. बाळांचे हे आजार पुष्कळदा निराळेच असतात, त्यांचा मार्गही निराळा असतो. मोठ्यांची आयुर्मानाची आकडेवारी आपल्या बाळाला लावू नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

तीनदा न्यूमोनिया का म्हटलं गेलं, हे समजून घेतलंत तर मनातला राग थोडा कमी होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ ते १२ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल, सोबत खोकला किंवा धाप असेल, तर न्यूमोनिया धरून उपचार सुरू करायचे असतात. या नियमाने जगभरात असंख्य मुलं वाचली आहेत. पण तो वेग मोजतो, वेगामागचं कारण त्याला कळत नाही. तुमचं बाळ दर वेळी त्या रेषेच्या वर होतं, म्हणून दर वेळी तेच नाव पडलं. दुर्मिळ आजाराची शंका येते ती एका वेगळ्या प्रश्नातून: दोन आजारपणांच्या मधल्या काळात बाळाचा श्वास पूर्ण सुधारतो का? न्यूमोनिया उतरला की श्वासही उतरतो. दम्याच्या मुलाला अधूनमधून अगदी मोकळे दिवस मिळतात. तुमच्या बाळाला तिसऱ्या महिन्यापासून एकही असा दिवस मिळालेला नाही. तुमच्या सबंध पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच ओळ, आणि ती कुठल्याही यंत्राने दिलेली नाही, तुम्ही दिलीत.

वेळ वाया गेला का, याचं खरं उत्तर असं की उशीर झाला आहे, पण या आजारांत असा उशीर फार जणांना होतो. त्यामुळे तुमच्या बाळाचं कायमचं नुकसान झालंच असेल असं धरू नका. इतक्या महिन्यांत आजार वेगाने पुढे सरकलेला दिसत नाही. बाळ हसतंय, खेळतंय. हे तज्ज्ञांना निदानाच्या दृष्टीनेही काही सांगून जातं. वेगाने बिघडत जाणारे जे वाईट आजार आहेत, त्यांतली मुलं सहसा इतका काळ अशी खेळती राहत नाहीत.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१३ साली बाळांच्या या आजारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात शंका घ्यायची कसोटी साधी ठेवली आहे. श्वासाची तक्रार, तपासताना दिसणारी किंवा ऐकू येणारी चिन्हं (खड्डे पडणं, छातीत बारीक करकर, वजन न वाढणं), रक्तात ऑक्सिजन कमी असणं, आणि एक्स-रे किंवा सीटीत दोन्ही फुप्फुसांत पसरलेला बदल. या चारांपैकी किमान तीन असतील आणि नेहमीची कारणं तपासून बाजूला केली असतील, तर या गटाचा विचार करायचा. तुमच्या बाळात चारही दिसतात. म्हणजे तुमचे डॉक्टर योग्य वाटेवर आहेत.

पण त्या कसोटीतला ‘नेहमीची कारणं बाजूला केली असतील’ हा भाग घाईत सुटून जातो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. हृदयाचा इको झाला आहे का? काही जन्मजात हृदयदोष आणि फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरांचे दोष हुबेहूब असेच दिसतात. शिवाय फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय का, हेही इकोत कळतं आणि पुढची सगळी निकड त्यावर ठरते. घामातल्या क्लोराइडची तपासणी झाली का? सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसात घट्ट चिकट कफ साठवणारा जनुकीय आजार ओळखायला ती लागते. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड आलं तर तो आजार असण्याची दाट शक्यता, ३० च्या खाली आलं तर शक्यता फार कमी. सुई नाही, वेदना नाही. तरीही ही साधी तपासणी राहून गेलेली आणि मूल थेट बायोप्सीच्या उंबऱ्यावर पोचलेलं, असं व्हायला नको. दूध पिताना बाळाला ठसका लागतो का, थोडं दूध श्वासनलिकेत उतरतंय का, हे पाहायला हवं. रोगप्रतिकारशक्तीची प्राथमिक रक्ततपासणीही. आणि थायरॉइड. फुप्फुसाच्या तक्रारीत थायरॉइडचं काय काम, असं वाटेल. एनकेएक्स२-१ नावाच्या एका जनुकातल्या दोषाने फुप्फुस, थायरॉइड आणि मेंदूचा हालचालींवर ताबा ठेवणारा भाग अशा तिन्ही ठिकाणी एकदम त्रास होऊ शकतो. थायरॉइड कमी असलेलं, अंगाने सैल वाटणारं, उशिरा बसायला लागलेलं बाळ भरभर श्वास घेत असेल, तर तो धागा आधी तपासायचा. तुमचं बाळ कधी बसायला लागलं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता सीटी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या बाळाचं उत्तर कदाचित इथेच सापडेल.

‘ग्राउंड ग्लास’ हे कुठल्याही आजाराचं नाव नाही. धुरकट काचेतून पाहावं तसा फुप्फुसाचा तो भाग सीटीत अंधूक दिसतो, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या रेषा मात्र दिसत राहतात, एवढाच त्याचा अर्थ. संसर्ग, रक्तस्राव, सर्फॅक्टंटचा दोष, नुसतं अर्धवट सोडलेल्या श्वासात काढलेलं चित्र, अशा अनेक कारणांनी ते दिसतं. खरी माहिती त्या डागांच्या जागेत असते. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड, डाव्या बाजूला त्याच्या जोडीचा लिंग्युला नावाचा भाग, आणि हृदयालगतची दोन्ही बाजूंची पट्टी, इतक्याच ठिकाणी अंधूकपणा असेल आणि बाकीच्या फुप्फुसात हवा अडकून राहिल्याचं दिसत असेल, तर एक विशिष्ट आजार डोळ्यांसमोर येतो. न्यूरोएंडोक्राइन सेल हायपरप्लेसिया ऑफ इन्फन्सी असं त्याचं लांबलचक नाव. डॉक्टर बोलताना त्याला ‘नीही’ म्हणतात.

नीहीचं पहिलं सविस्तर वर्णन याच नावाने २००५ साली झालं. पूर्ण दिवसांचं, जन्मतः निरोगी बाळ. पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेला भरभर श्वास, पुष्कळदा एखाद्या सर्दीनंतर पहिल्यांदा लक्षात आलेला. खड्डे, छातीत करकर, कमी ऑक्सिजन, अडलेलं वजन, खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज फारसा नाही, आणि स्टेरॉइडने काहीच फरक नाही. तुमचं पत्र वाचताना मला याच आजाराची आठवण झाली. पत्रावरून निदान होत नसतं, आणि हाच चेहरा घेऊन दुसरा आजारही येऊ शकतो. पण विचार याच दिशेने व्हायला हवा असं मला वाटतं. कारण तो असेल तर बातमी त्यातल्या त्यात बरी आहे. या मुलांना महिनोन् महिने, काहींना काही वर्षं ऑक्सिजनची सोबत लागते. पण आजार सहसा वाढत नाही, श्वास सावकाश सुधारतो आणि बहुतेकांचा ऑक्सिजन पुढे सुटतो.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अनुभवी बालरेडिओलॉजिस्टांना निव्वळ सीटी दाखवली गेली. नीही असलेल्या दर चारांपैकी तिघांहून अधिक मुलं त्यांनी चित्रावरूनच ओळखली, आणि दुसरा आजार असलेल्या एकाही मुलाला चुकून नीही म्हटलं नाही. म्हणून आज कथा जुळत असेल आणि सीटीतलं चित्र अगदी ठरावीक असेल, तर अनेक केंद्रं बायोप्सी न करताच हे निदान करतात. मात्र यातला ‘अनुभवी’ हा शब्द निसटू देऊ नका. बहुतांश रेडिओलॉजिस्ट दिवसभर मोठ्यांची फुप्फुसं पाहतात. हे चित्र त्यांच्या वाट्याला कारकिर्दीत एकदोनदाच येतं. तेव्हा रिपोर्टचा कागद घेऊन फिरू नका. सीटीची मूळ डिजिटल चित्रं सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ती दुसऱ्या वाचनासाठी कुठे पाठवता येतील, हे तुमच्या तज्ज्ञांना विचारा. चांगला डॉक्टर याने दुखावत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

आणखी एक विचारा: चित्रं काढताना बाळाचा श्वास कसा होता? इतक्या लहान मुलाला ‘श्वास रोखून धर’ सांगता येत नाही. हलत्या छातीचं किंवा अर्धवट फुललेल्या फुप्फुसाचं चित्र अंधूकच येतं आणि भलतंच काही सुचवतं. चांगल्या ठिकाणी थोडी भूल देऊन, फुप्फुस पूर्ण फुगवून एक आणि श्वास सोडल्यावर एक, अशी कमी किरणोत्सर्गाची दोन चित्रं काढतात. हवा अडकलेली असेल तर ती दुसऱ्या चित्रात उघड होते. पहिली सीटी तशी नसेल आणि वाचणाऱ्याला काही ठरवता येत नसेल, तर ती पुन्हा करावी लागू शकते. तसं झालंच, तर दुर्बीण-तपासणीही त्याच भुलेत उरकता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. बाळाला जितक्या कमी वेळा भूल, तितकं चांगलं.

दुर्बीण-तपासणी म्हणजे ब्राँकोस्कोपी. त्यात फुप्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन ते पाणी तपासायला घेतात. संसर्ग, आतला रक्तस्राव, गिळताना आत गेलेल्या दुधाच्या खुणा त्यात सापडू शकतात. नीही किंवा जनुकीय दोषाचं नाव मात्र ती सहसा सांगत नाही. कारणं बाजूला काढायला ती चांगली, नेमकं नाव द्यायला अपुरी.

जनुकीय तपासणीबद्दल तुमच्या घरी गैरसमज असू शकतो, म्हणून सांगते. त्यासाठी फक्त थोडं रक्त, कधी गालाच्या आतल्या बाजूचा किंवा लाळेचा नमुना पुरतो. सर्फॅक्टंट बनवण्याशी आणि हाताळण्याशी संबंधित जनुकं त्यात प्रामुख्याने पाहतात. सर्फॅक्टंट प्रोटीन बी चा संपूर्ण अभाव असेल तर बाळ जन्मल्यापासून काही तासांत किंवा दिवसांत गंभीर होतं. तुमच्या बाळाची कथा तशी नाही. सर्फॅक्टंट प्रोटीन सी आणि एबीसीए३ या दोन जनुकांतले दोष मात्र काही महिन्यांच्या बाळात, अगदी अशाच संथ पद्धतीने, पुढे येऊ शकतात. ते सीटीतही दोन्ही फुप्फुसांत पसरलेला ग्राउंड ग्लास दाखवतात. म्हणून नीहीचा विचार मनात पक्का असला तरी ही तपासणी मी टाळणार नाही. इथे दोष सापडला, तर तेच निदान. बायोप्सीने त्यात फार भर पडत नाही.

निकाल यायला सहसा काही आठवडे लागतात. बाळ बिघडत असेल तर जलद तपासणीची सोय काही प्रयोगशाळांत असते. निकालाचे तीन प्रकार होऊ शकतात आणि त्यातला तिसरा माणसाला फार छळतो. स्पष्ट दोष सापडला तर उत्तर मिळालं. काहीच सापडलं नाही, तर शक्यता कमी झाल्या, पण आजार नाही असं ठरत नाही, कारण सगळी जनुकं अजून माहीत झालेली नाहीत. तिसरा निकाल ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असा येतो. जनुकात फरक आहे, पण तो आजाराचा की निव्वळ माणसामाणसातला, हे सांगता येत नाही. अशा कागदावरून घाबरून कुठलाही निर्णय घेऊ नका. अशा वेळी तुम्हा दोघा आईवडिलांचंही रक्त तपासतात. तोच बदल एखाद्या निरोगी पालकात सापडला तर त्याचं वजन पुष्कळदा कमी होतं. शक्य असेल तर तिघांचे नमुने पहिल्याच वेळी एकत्र द्या. नंतरचा वेळ वाचेल.

एवढं होऊनही नाव हाती आलं नाही, किंवा सीटी एक सांगते आणि बाळाची प्रकृती दुसरंच, किंवा बाळ अपेक्षेपेक्षा वेगाने खालावतंय, तर मात्र बायोप्सीला हो म्हणा आणि उगाच लांबवू नका. ती दुर्बिणीने, छातीवरच्या लहान छेदांतून होते. भुलीचा आणि थोडा काळ छातीत नळी राहण्याचा धोका असतो, तो खोटा नाही; मुलांच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या हातांत तो बराच कमी असतो. मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शस्त्रक्रिया उत्तम होते आणि काढलेला तुकडा नीट हाताळला न गेल्याने उत्तर मिळत नाही. तुकडे एकाहून जास्त ठिकाणचे हवेत, लिंग्युलाचं किंवा मधल्या खंडाचं नुसतं टोक नको. एक भाग जंतूंच्या तपासणीला, एक गोठवून ठेवायला आणि एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वेगळ्या द्रावणात, अशी वाटणी तुकडा निघाल्या निघाल्या करावी लागते. सगळाच तुकडा एका बाटलीतल्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात, गेला की काही दारं कायमची बंद होतात. नीहीची शंका असेल तर पेशी रंगवण्याची एक खास पद्धत लागते, ती नसेल तर तो तुकडा जवळजवळ निरोगी दिसतो आणि ‘विशेष काही नाही’ असा रिपोर्ट येतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी विचारा: तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टशी बोलणं झालंय का, बाळांची फुप्फुसं पाहिलेले पॅथॉलॉजिस्ट कोण आहेत, तुकड्याची वाटणी कशी ठरली आहे? उत्तरं तयार असतील तर निर्धास्त सही करा. नसतील तर ती मिळेपर्यंत तारीख पुढे ढकलायला सांगा.

निदान होईपर्यंत बाळाला वाट पाहायला लावायचं नाही. झोपेत ९०-९१ हा आकडा मला पटत नाही. आधी तो खरा आहे का ते पाहू. मोठ्यांच्या बोटाला लावायचं यंत्र बाळावर फसवतं. पायाला गुंडाळायचा बाळांचा सेन्सर हवा. गडद त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षाहून किंचित जास्त आकडा दाखवतं, हेही लक्षात असू द्या. रात्रभराची नोंद करणारं यंत्र लावून घ्या. त्या नोंदीत ऑक्सिजन सतत कमी असेल तर घरी ऑक्सिजन सुरू करायला निदानाची गरज नसते. अनेक तज्ज्ञ तो ९२-९३ च्या वर राहील असं पाहतात. ऑक्सिजन सुरू होणं ही हार आहे असं घरच्यांना वाटेल. तसं नाही. कमी ऑक्सिजन दीर्घकाळ राहिला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, आणि तो टाळणं आपल्या हातात आहे. पुष्कळदा ऑक्सिजन लागल्यावर वजनही हलायला लागतं, कारण श्वासावर खर्च होणारी ताकद वाचते. तरीही वाढीचा आलेख वर सरकला नाही, तर जास्त उष्मांकाचं दूध, कधी काही काळ नाकातून नळी, याचा आहारतज्ज्ञाबरोबर विचार करा. या वयात फुप्फुसांत नवे वायुकोश तयार होत असतात, त्याला पोषण लागतंच.

स्टेरॉइडचा कोर्स पुन्हा सुचवला गेला तर विचारा, ‘कुठल्या आजारासाठी आणि किती दिवसांनी फरक पाहणार?’ गंभीर बाळात निदान होण्याआधी तो देऊन पाहणं योग्य ठरू शकतं. पण एकदा देऊन काही फरक पडला नसेल, तर उत्तर नसताना तो महिनोन् महिने चालू ठेवण्यात वाढ खुंटण्याचा धोका आहे. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस वेळेवर घ्या, घरातल्या मोठ्यांनीही फ्लूची घ्या. बाळाच्या खोलीत आणि घरात कुणीही धूम्रपान करणार नाही, यावर अजिबात तडजोड करू नका.

आता तुमचं काम. बाळ गाढ झोपलेलं असताना, ताप नसताना, पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास सारखा बदलतो. दोन-तीन दिवसांनी एकदा तारखेसह लिहून ठेवा. झोपेतला आणि दूध पितानाचा छातीचा व्हिडिओ अंगावरचा कपडा वर करून काढा. दवाखान्यात रडणारं बाळ पाहून जे कळत नाही ते त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रात कळतं. दिवसातून दहा वेळा ऑक्सिजन मोजत बसू नका. त्याने तुमची झोप जाईल, माहिती वाढणार नाही.

या काळात ओठ किंवा जीभ निळसर दिसली, श्वास मध्येच थांबला, बाळाला दूध ओढता येईना इतकी धाप लागली, कण्हत श्वास घेऊ लागलं, गळून निपचित पडलं, किंवा ऑक्सिजन सुरू असूनही आकडा ९० च्या खाली रेंगाळला, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. साध्या सर्दीनेही ही बाळं पटकन खालावतात.

गरोदरपणात तुमचं काही चुकलं का? नाही. तुम्ही काय खाल्लंत, किती काम केलंत, कुठे प्रवास केलात, त्याने यातला कुठलाही आजार झालेला नाही. जनुकीय दोष निघाला तरी तो आईवडिलांपैकी कुणाचा अपराध नसतो. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असे काही बदल नकळत असतातच. घरात कुणी बोट दाखवत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

राहिला पुढच्या मुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर पूर्णपणे नावावर अवलंबून आहे. नीही बहुतेकदा घरात एकाच मुलाला होतो, काही मोजक्या कुटुंबांत मात्र तो एकाहून अधिकांत दिसला आहे. एबीसीए३ चा दोष आईवडील दोघांकडून एकेक आलेला असतो, त्यात प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. सर्फॅक्टंट प्रोटीन सी चा दोष एका पालकाकडून आला असेल तर दोनात एक. बाळात तो नव्याने उद्भवला असेल, तसं पुष्कळदा होतं, तर शक्यता फार कमी, पण शून्य नाही. म्हणून जनुकीय निकाल येईपर्यंत दुसऱ्या बाळाचा विचार थांबवा, आणि निकाल आला की जनुकीय समुपदेशकाकडे तुम्ही दोघं मिळून जा. एकट्या जाऊ नका. तिथे ऐकायचं पुष्कळ असतं आणि एका माणसाला ते सगळं लक्षात ठेवता येत नाही.